पीपी नंबर

"त्यांचा हाय. खिडकीतून दे."

काकू हळूच बोलल्या होत्या. मला ऐकू यावं म्हणून नव्हत्या बोलल्या, सुनेला, वहिनींना, सांगत होत्या. पण मी ओट्यावर चप्पल काढून उभी होते आणि दार उघडं होतं, म्हणून ऐकू आलं.

उघड्या दारातून हॉल दिसत होता. सोफा, सोफ्याशेजारी तिवई, तिवईवर फोन. दारातून फोन जवळ होता, खिडकीतून लांब. वहिनींना वायर सोफ्यामागून ओढून घ्यावी लागली, मग पडदा सारावा लागला. खिडकीला गज होते. त्या गजांतून रिसीव्हर आडवा निघत नाही, उभा धरून काढावा लागतो. वहिनींना त्याची सवय झाली होती. त्यांनी बरोबर उभा धरला आणि माझ्याकडे सरकवला.

मी घेतला. मीही सवयीनेच घेतला. आज लिहिताना ते जास्त टोचतं.

पलीकडे पुरुषाचा आवाज होता. सावकाश, गोड इंग्रजी. त्याने माझं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, आणि नावाआधी 'मिस' म्हटलं. शेवगावात मला कोणी मिस म्हटलेलं नव्हतं. पुण्याच्या पेपरात जाहिरात आली होती, इंग्रजी बोलणाऱ्या पदवीधर मुली पाहिजेत. मी अर्ज टाकला होता. तो म्हणाला, तुमची निवड झाली आहे. परदेशी बँकेचा क्रेडिट कार्डाचा विभाग पुण्यात उघडतोय, त्यासाठी. रविवारी आमचे अधिकारी नगरला येणार आहेत, स्टँडजवळच्या लॉजवर उतरतील. सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं घेऊन या, झेरॉक्स चालणार नाही. ट्रेनिंगची अनामतही तिथेच भरा.

कोणती बँक? ऑफिस कुठे आहे? ओरिजिनल कशाला? मुलाखत लॉजवर का?

हे सगळे प्रश्न मला तेव्हाच सुचले होते. मी काही बावळट नव्हते. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी बोलत नाही, पण विचारते तेव्हा नेमकं विचारते. पण खिडकीच्या आत वहिनी फोनचा डबा दोन्ही हातांवर तोलून उभ्या होत्या, कारण वायर तेवढीच पुरत होती. त्यांच्यामागे काकू. सोफ्यावर काकूंचे यजमान, भाऊसाहेब, पेपर धरून बसलेले, पान न उलटता. मी एक प्रश्न विचारला असता तर वहिनींना तेवढा वेळ अजून उभं राहावं लागलं असतं. दुसरा विचारला असता तर काकूंनी सुस्कारा टाकला असता. तो सुस्कारा मला ओळखीचा होता.

"यस सर," मी म्हटलं. "यस सर. थँक्यू सर."

रिसीव्हर उभा धरून परत दिला.

"कोन हुतं गं?" काकूंनी आतूनच विचारलं. "लई फाडफाड चाललं हुतं."

"नोकरीचं आहे काकू."

"बरंय बाई. तुमाला काय, लगेच मिळती."

वहिनी हसल्या. भाऊसाहेबांनी पान उलटलं.

तेव्हा आमच्या कॉलनीत फोन तेवढाच. नव्या फोनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. कुठल्याही अर्जावर फोन नंबराची जागा असायची. ज्यांच्याकडे फोन नाही ते शेजाऱ्याचा नंबर लिहून पुढे 'पीपी' लिहायचे. ती अक्षरं कशाची हे कोणाला नक्की सांगता यायचं नाही, पण त्यांतून जे कळायचं ते सगळ्यांना कळायचं. हा माणूस स्वतःच्या घरी सापडणार नाही. दुसऱ्याच्या घरून त्याला हाक मारून आणावं लागेल.

माझे वडील एसटीत कंडक्टर. शेवगाव डेपोला होते. मी बी.कॉम. होऊन नगरहून परत आले तेव्हा ते भाऊसाहेबांकडे पेढे घेऊन गेले आणि विचारलं, पोरीच्या अर्जावर तुमचा नंबर टाकला तर चालेल का. भाऊसाहेबांचं खताचं आणि कीटकनाशकांचं दुकान होतं, गावात मान होता. ते म्हणाले, टाका की, त्यात काय. पप्पा खूश होऊन घरी आले. आमच्या घरी आल्यागेल्याला जय भीम म्हणायचं. त्या ओट्यावर पप्पा नमस्कार म्हणायचे. मी दोन्ही ऐकलेलं आहे. आवाजही वेगळा असायचा.

कॉलनीत आणखी कितीतरी घरांचा तो पीपी नंबर होता. समोरचे गुरुजी यायचे, ते आत जाऊन सोफ्यावर बसायचे. पोस्टातल्या बाई यायच्या, त्यांना वहिनी पाणी द्यायच्या. मी हे आमच्या खिडकीतून बघितलेलं होतं. आम्हाला खिडकी असा काही नियम कोणी केला नव्हता. पहिल्या दिवशी वहिनींनी फोन गजांतून पुढे केला, मी घेतला, आणि तेच ठरून गेलं. मी ओट्यावर चप्पल काढायचे, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. म्हणजे कळत होती, पण स्वतःशीसुद्धा बोलत नव्हते मी.

भाऊसाहेबांना कंपनीच्या मुंबईच्या साहेबाचा फोन यायचा. तो साहेब मराठी नव्हता. मग काकू स्वतः आमच्या दारापर्यंत यायच्या. "अगं चल चल, यांना फोन आलाय, इंग्लिशमधी बोलतोय त्यो." त्या वेळी मी दारातून जायचे. सोफ्यावर बसायचे. भाऊसाहेब शेजारी बसून सांगायचे, माल कमी आलाय म्हण, स्कीम अजून मिळाली नाही म्हण. मी म्हणायचे. रिसीव्हर माझ्या कानाला, माझ्या तोंडाशी, सावकाश हवा तेवढा वेळ. एकदा त्या साहेबाने भाऊसाहेबांना विचारलं, ही तुमची मुलगी का? मी भाषांतर केलं. भाऊसाहेब मोठ्याने हसले. म्हणाले, "सांग, शेजारची आहे म्हणून."

काम त्यांचं असलं की मी आत. माझं असलं की बाहेर. त्याच फोनवर.

रविवारी आम्ही नगरला गेलो. पप्पांनी रजा टाकली होती. ज्या गाडीवर ते रोज तिकिटं फाडायचे तिच्यात त्या दिवशी ते प्रवासी म्हणून बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. कंडक्टर त्यांचा दोस्त.

"काय सायबाचा बाप," तो म्हणाला. "आता तुला तिकीट काय मागायचं?"

"माग की," पप्पा म्हणाले. "पोरगी भरील."

माझ्याकडे बघून दोघे हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मलाही हसू येत होतं, पण दाखवायची सवय नव्हती.

लॉजच्या खोलीत टाय लावलेला माणूस होता. टेबल, फाइली, शिक्का. आणखी दोन मुली बाहेर बसलेल्या, त्याही आईवडिलांबरोबर. त्याने पप्पांशी हात मिळवला. पप्पांना त्याची सवय नव्हती, त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. माझ्याशी इंग्रजीत बोलला, पप्पांशी हिंदीत. कुठेही घाई नाही.

क्रेडिट कार्ड म्हणजे काय हे आम्हाला माहीत नव्हतं. त्याने पाकिटातून काढून दाखवलं. प्लास्टिकचा तुकडा, त्यावर उठावदार अक्षरांत नाव. पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"ये दिखाओ तो किसी भी दुकान में, किसी भी होटल में," तो म्हणाला. "कौन हो, कहाँ के हो, कोई नहीं पूछता."

पप्पांनी मान हलवली. कार्ड परत देताना ते दोन्ही हातांनी दिलं.

मग त्याने कागद मागितले. माझी शाळेपासूनची मार्कशीटं, पदवी, दाखला, जातीचं प्रमाणपत्र. जातीच्या प्रमाणपत्राला जोडलेला पप्पांचा शाळा सोडल्याचा दाखला. आमचं मूळ गाव खर्ड्याकडचं. त्या गावातल्या आमच्या घराण्यातला शाळेचा तो पहिला कागद. पप्पांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी वहीत, वही ट्रंकेत अशी ठेवलेली असायची.

"हा बी लागतो का सायेब?" त्यांनी विचारलं. "हा माझा हाय."

"ओरिजिनल मतलब ओरिजिनल," तो हसून म्हणाला. "हफ्ते भर में पोस्ट से वापस."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली. मी मान हलवली असती, नाही अशी, तर त्यांनी तो कागद उचलला असता. मी हो म्हणून मान हलवली. समोरचा माणूस चांगल्या इंग्रजीत बोलत होता आणि त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या होत्या. माझ्यासाठी तेवढं पुरलं. ते का पुरलं, हे कळायला मला पुढे फार दिवस लागले.

परत येताना पप्पा गाडीत पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. "कोन, कुठलं, काय इचारत न्हाईत म्हनला. लई भारी चीज हाय ती."

आठवडा गेला. दुसरा गेला. पोस्टमन आमच्या दारावरून सायकल न थांबवता जायचा. पप्पा ड्यूटीवरून आले की आधी आईकडे बघायचे, आई मान हलवायची, मग ते पाय धुवायला जायचे. मला कोणी काही विचारत नव्हतं. त्याचंच ओझं व्हायचं. डेपोत सगळ्यांना कळलेलं होतं. ड्रायव्हर विचारायचे, गेली का पुण्याला? पप्पा म्हणायचे, ट्रेनिंगचं पत्र यायचंय.

लॉजवर अनामत भरल्याची पावती मिळाली होती, तिच्यावर पुण्याचा नंबर होता. मी बाजारातल्या एसटीडी बूथवर गेले आणि तो लावला. काचेच्या त्या खोक्यात दार लावून घेता येतं. फोन उचलला एका माणसाने.

मी इंग्रजीत बँकेचं नाव सांगितलं.

"ताई, हा पीसीओ आहे," तो म्हणाला.

मला वाटलं चुकीचा लागला. मी नंबर वाचून दाखवला.

"नंबर बरोबर आहे. एक जण निरोप घ्यायला सांगून गेला होता. पंधरा दिवस झाले, फिरकला नाही. तुमच्यासारखे बरेच फोन येतायत." मग त्यानेच विचारलं, "किती घेतले?"

मी फोन ठेवला. बूथचं दार बाहेर ढकलायचं की आत ओढायचं हे मला काही वेळ कळेना.

घरी पप्पांना सांगितलं. ते खाटेवर बसले होते, अंगात खाकी ड्रेस तसाच. ऐकून त्यांनी पैशांबद्दल काहीच विचारलं नाही.

"माझा दाखला," ते म्हणाले. एवढंच.

आई चुलीपाशीच बसून राहिली. भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला, तरी कोणी उठलं नाही.

नंतर पप्पा म्हणाले, "त्यो परत फोन करील. असली मानसं येकदा खाऊन थांबत न्हाईत. फोन आला तर रागावू नको. गोड बोल. फकस्त कुठं हाय ते इचार. आमी डेपोतली चार मानसं घेऊन जातो."

गावोगाव फिरून माणसं बघितलेला माणूस होता तो. त्यांचं बरोबर निघालं.

फोन आला तो संक्रांतीनंतरचा दिवस होता. काकूंकडे हळदीकुंकू होतं. कॉलनीतल्या बायका हॉलमध्ये बसल्या होत्या, नव्या साड्यांत. आईला बोलावणं नव्हतं. कधीच नसायचं. मला वहिनी दारात येऊन बोलावून गेल्या, "तुझा फोन. लवकर ये, बायका आल्यात." मी गेले. चप्पल काढली. खिडकीशी उभी राहिले. रिसीव्हर उभा बाहेर आला.

आतल्या बायका बोलायच्या थांबल्या. मी इंग्रजी बोलते हे सगळ्यांना माहीत होतं, ते ऐकायला थांबल्या.

तोच आवाज. तसाच सावकाश. तो म्हणाला, तुमची ऑर्डर तयार आहे, फक्त बाँडची रक्कम राहिली आहे. ती मिळाली की कागद आणि ऑर्डर एकदमच पाठवतो.

रिसीव्हर गजाला लागून टकटक वाजत होता. तरी मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्या खिडकीशी उभी राहून प्रश्न विचारला. इंग्रजीत म्हटलं, सर, माझे वडील स्वतः घेऊन येतील. कुठे यायचं, पत्ता सांगा.

तो म्हणाला, ठीक आहे, लिहून घ्या.

"वन मिनिट सर," मी म्हटलं. आणि आत बघून, "वहिनी, पेन देता का जरा?"

वहिनींच्या दोन्ही हातांत फोन होता. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंच्या हातात कुंकवाचा करंडा. त्यांनी बायकांकडे बघितलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "आता पेन बी पायजे." कुणीतरी हसलं.

आतल्या खोलीतून भाऊसाहेब आले.

"अजून चालूच आहे? मला नगरला फोन लावायचाय."

"भाऊसाहेब, एकच मिनिट," मी म्हटलं. "तो माणूस, तो फसवणारा—"

पलीकडे तो पत्ता सांगायला लागला होता. पेन मिळणार नव्हतं, म्हणून मी तो पाठ करणार होते. पाठांतर माझं चांगलं होतं. "रूम नंबर," एवढं मला ऐकू आलं.

भाऊसाहेबांनी वहिनींच्या हातातल्या फोनवर बोट ठेवलं. ज्या दोन बटणांवर रिसीव्हर ठेवतात, त्यांवर. लाइन गेली.

"सोय केली म्हणजे घर दिलं असं नसतं," ते म्हणाले. रागावून नाही. मुलांना समजावतात तसं. "बोलावतो, देतो, तर दोन शब्दांत आटपायचं असतं. तुम्हा लोकांना थोडं दिलं की कळत नाही कुठं थांबायचं ते."

माझ्या कानाशी डायलटोन वाजत होता. वहिनींनी हात पुढे केला. मी रिसीव्हर उभा धरून परत दिला.

काकूंना वाईट वाटलं असावं. त्या खिडकीपाशी आल्या आणि गजांतून तिळगूळ पुढे केला. मी हात पसरला. त्यांनी वरून टाकला. हाताला हात लागला नाही.

"थँक्यू काकू," मी म्हटलं.

तो माणूस पत्ता सांगत असताना मला गप्प केलं गेलं, आणि मी थँक्यू म्हटलं. त्यालाही म्हटलं होतं, पहिल्या दिवशी. ज्याने लुबाडलं त्यालाही आणि ज्यांनी लुबाडू दिलं त्यांनाही. मला हेच शिकवलेलं होतं. बारा वर्षं फी भरून शिकवलेलं होतं.

त्यानंतर फोन आला नाही. कागद कधीच परत मिळाले नाहीत, हे इथेच सांगून टाकते. माझे मी पुन्हा काढले, हेलपाटे घालून. पप्पांचा दाखला निघाला नाही. त्यांच्या गावच्या शाळेतलं ते जुनं रजिस्टर पावसात भिजून गेलेलं होतं. पप्पा पुढे निवृत्त झाले, वारले. आपण शाळेत गेलो होतो याचा कागद त्यांच्याकडे शेवटपर्यंत नव्हता. ते याबद्दल मला कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पण तेव्हा आम्हाला आशा होती. आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. हवालदार वयस्क होते, पप्पांना तोंडओळखीने ओळखत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुसरा फोन आला ना, तो कुठून आला ते एक्सचेंजमधून निघतं का बघू," ते म्हणाले. "पन फोन ज्यांच्या नावावर हाय त्यांनी अर्ज द्याया पायजे. त्यांना घेऊन या. ते म्हनले फोन आलता, की आपलं काम सुरू."

पप्पा भाऊसाहेबांकडे गेले. भाऊसाहेब म्हणाले, मी येतो स्टेशनला, तिथंच बोलू. पप्पा पुन्हा खूश. घरी येऊन म्हणाले, "मानूस वाईट न्हाई गं. सोता येतो म्हनले."

ते स्कूटरवर आले. आम्ही बाकाशेजारी उभे होतो. हवालदारांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. भाऊसाहेब बसले. किल्ली टेबलावर ठेवली.

"बोला भाऊसाहेब. फोन आलता का?"

"हे बघा," भाऊसाहेब म्हणाले, "आमच्या फोनवर दिवसभर पन्नास लोकांचे फोन येतात. सगळ्या कॉलनीची सोय केलीय मी. कोणाचा कोण, मला काय माहीत? असला कुठला फोन आलेला मला तरी आठवत नाही. आणि माझ्या नावाने एक्सचेंजला, पोलिसांत कागद नकोत. धंदा आहे माझा."

"वहिनीसायबांनी फोन दिला हुता," पप्पा म्हणाले. "हळदीकुंकवाच्या दिशी."

"घरातल्या बायकांना यात ओढायचं नाही."

पप्पांनी हात जोडले. "न्हाई न्हाई. तसं न्हाई सायेब."

"चांगुलपणा करायला गेलो," भाऊसाहेब हवालदारांना म्हणाले, "आणि आता मलाच इथं बसवलंय. यांच्या ओळखीतलंच असेल कोणीतरी. यांच्या घरातली सगळी माहिती होती म्हणतात ना त्याला. बाहेरच्याला कशी असेल?"

हे खोटं होतं. असं कोणी म्हटलेलं नव्हतं. मी पप्पांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"चुकलं आमचं," ते म्हणाले. "तुमाला तरास झाला. ऱ्हाऊ द्या हवालदारसाहेब. नगं ती तक्रार."

रोज गाडीत शंभर माणसांना दरडावून पुढे सरका म्हणणारा माणूस. त्यांची मान मी अशी बघितलेली नव्हती. म्हणजे बघितलेली होती, त्या ओट्यावर, पण तेव्हा मी तिला सभ्यपणा समजत होते. माझ्याही मानेला तेच नाव दिलं होतं. लाजाळू आहे, कमी बोलते, चांगल्या वळणाची आहे. वळण कसलं होतं ते मला त्या खोलीत दिसलं.

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे बघून मान हलवली. आवाज वाईट नव्हता त्यांचा, बापासारखाच होता.

"काय गं पोरी. कान्व्हेंटमधी शिकलेली तू. येवढा वेळ त्या मानसाशी बोललीस. नाव काय, राहतो कुठं, येक प्रश्न इचारता आला न्हाई तुला?"

हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला होता. आईने, मावशीने, पप्पांच्या दोस्ताने. प्रत्येक वेळी मी गप्प राहिले होते. उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते सांगायचं म्हणजे ओट्यावर मी कशी उभी राहायचे ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगण्यापेक्षा बावळट ठरणं मला सोपं वाटत होतं.

"येत होता," मी म्हटलं.

भाऊसाहेब चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले. माझा मराठीतला मोठा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता ऐकला.

"प्रश्न विचारता येत होता. फोन यांच्याच घरी आला, दोन्ही वेळा. मी बाहेर ओट्यावर उभी होते, कारण आम्ही बौद्ध आहोत आणि आम्हाला हे आत घेत नाहीत. फोन गजांतून देतात आणि आत तिघं जण ऐकत उभे राहतात. यांच्या कंपनीच्या साहेबाशी इंग्रजी बोलायचं असलं तर मला सोफ्यावर बसवतात. दुसऱ्या वेळी तो माणूस पत्ता सांगत होता, तेव्हा यांनी बोट ठेवून फोन कापला. खोली भरून बायका बसलेल्या होत्या, त्यांना विचारा."

"पोरी," पप्पा म्हणाले.

"पप्पा, तुम्ही आता यांची माफी मागायची नाही."

भाऊसाहेब उठले. हवालदारांकडे बघून म्हणाले, "बघितलंत? लगेच जात काढली."

हवालदार अवघडले होते. कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होते. टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"हे बघ बाळा," ते म्हणाले. "तक्रार फसवनुकीची हाय. त्यात ओटा आन् खिडकी कशाला? त्याचा काय संबंध?"

"संबंध आहे. त्याने मला फसवलं ते मी विचारलं नाही म्हणून, आणि मला विचारू दिलं नाही यांनी. तक्रार माझ्या नावाने लिहा, वडिलांच्या नाही. मी सांगते तसं सगळं लिहा, यांचं नाव घालून. मी इथेच बसते. वाचून बघीन, आणि एक शब्द जरी गाळलेला असला तरी सही करणार नाही."